उलट्या फेऱ्यांची कॉइल

६ सप्टेंबर १९८१

अशोकच्या गिटारने आज पुन्हा नाक कापलं. महाल भागातल्या गणपतीसमोर त्यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. गाणं सुरू व्हायच्या आधीच ॲम्प्लिफायरमधून घूंऽऽ. मागून एक पोट्टा ओरडला, 'पिठाची चक्की चालू केली का गा?' सगळे हसले. मीही हसले. त्याने स्टेजवरून नेमकं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं.

परत येताना कमाल चौकापर्यंत तो माझ्या चार पावलं पुढे. सायकल हातात धरून चालत होता. चौकात म्हणाला, 'तू बी हसली ना वं.' काय सांगणार? हसू आलं, हसले.

इथून पुढे अ. असंच लिहीन. आई वही चाळते. तिला वाचता येत नाही म्हणते, पण 'अशोक' एवढं बरोबर येतं.

९ सप्टें.

अ. ने त्याच्या काकाच्या सायकल दुकानात गिटार पूर्ण उघडली. मी कंपनीच्या बसमधून उतरून तशीच गेले. वरून लालभडक, आत सगळा भोपळा. कलकत्त्याची, स्वस्तातली, तीही तिसऱ्या हाताची. तारा पिळायच्या चाव्या ढिल्या, गरगर फिरतात. त्यात त्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या चकत्या बसवल्या आहेत, डोकं चालतं त्याचं. तारा जिच्या खाचांतून जातात ती वरची पट्टी प्लास्टिकची, झिजलेली. ती मी माझ्या शिंगाच्या फणीतून करून दिली. कानशीने घासून अर्धा तास गेला. आई म्हणाली, 'आता केस काय बोटानं विंचरते?'

तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेल्या दोन कॉइल असतात, पिकअप म्हणतात त्याला. तार हलली की तिथे वीज तयार होते, तोच आवाज. मी हातात घेऊन पाहिल्या आणि मला लाजच वाटली, ज्याने गुंडाळल्या त्याच्या वतीने. तार कुठे ढिली, कुठे चढलेली, मध्ये दोन गाठी. आमच्या कंपनीत मी दिवसभर रिलेच्या, म्हणजे विजेच्या आपोआप चालणाऱ्या बटणांच्या, कॉइलच गुंडाळते; तिथे असा माल चेकिंगवाली बाई तोंडावर फेकते.

बोलून बसले, 'ह्याच्यापेक्षा मी चांगली गुंडाळीन.'

बोलायला नको होतं.

१४ सप्टें.

अ. आता सोडत नाही. मुंबईची एक मोठी टूर पार्टी पुढच्या महिन्यात नागपुरात येते आहे. त्यांचा गिटारवाला सोडून गेला, इथल्याच कुणाला तरी वाजवताना ऐकून पार्टीत घेणार आहेत. आवाज चांगला लागला तर वर्षभर गावोगाव. 'तू करून दे नं वं. तुह्यासारखा हात कोनाचा नाही.'

हो म्हटलं. हात चांगला म्हटलं की मी विरघळते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण मग आपलं काय? हे विचारलं नाही. दिवाळीनंतर त्याची आई आमच्याकडे बोलणीला येणार असं ठरलंय. ठरलंय म्हणजे अ. म्हणाला आहे.

१७ सप्टें.

सुपरवायझर साहेबांना सरळ विचारलं. चोरून न्यायचं माझ्याने होत नाही. ते आधी हसले. मग म्हणाले, संपत आलेल्या रिळांवरची तार भंगारातच जाते, घे. मशीन जेवणाच्या सुट्टीत वापर. प्रॉडक्शन थांबलं तर मात्र माझ्याशी गाठ.

रिलेच्या कॉइलची तार. केसापेक्षा बारीक, श्वास जोरात सोडला तरी हलते. आज जेवण न करता पहिली कॉइल गुंडाळली. माझ्याच मशीनवर, सात हजार फेऱ्या. एकदाही तुटली नाही. मंदा शेजारच्या मशीनवर बसून माझ्या डब्यातली भाजी खात होती. 'कोनासाठी एवढा जीव टाकून राहिली वं?' तिला माहीत आहे कोणासाठी. ऐकायचं असतं तिला.

२३ सप्टें.

दुसरी कॉइल झाली. चार दिवस लागले. अर्जंट ऑर्डर आली, जेवणाच्या सुट्टीतही मशीन मोकळं नाही. मग सँपल काढायचं हाताचं मशीन आहे कोपऱ्यात, त्यावर बसले. तार तीनदा तुटली. तीनदा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी रडूच आलं. तारेसाठी नव्हे. सकाळी आई म्हणाली होती, 'टूरवर गेलेलं पोट्टं परत येते का कधी?' तेच डोक्यात.

आईला कुणी सांगितलं देव जाणे. वही चाळते म्हणून लिहिलं होतं ते खोटं नाही.

२८ सप्टें.

बसवल्या. आतल्या वायरींना घूं-घूं अडवायला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद गुंडाळला. आवाज कमीजास्त करायचं बटण बर्डीच्या बाजारातल्या रेडिओच्या दुकानातून आणलं. पहिली कॉइल एकटी वाजवली: स्वच्छ, भरदार. दुसरी एकटी: तशीच. थोडी घूं-घूं दोन्हींत आहेच.

मग अ. ने दोन्ही एकदम चालू केल्या.

घूं-घूं एकदम बंद. आणि आवाज बारीक झाला. पोट नसलेला. कुणी रडून झाल्यावर नाकातून बोलतं ना, तसा. मला वाटलं, गेलं सगळं. मी म्हणाले, 'थांब, काहीतरी चुकलं माझं.'

तो ऐकेचना. डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या काकाने हातातला पाना खाली ठेवला आणि ऐकत उभा राहिला, जो माणूस दिवसभर अ. ला शिव्या देतो तो. अ. म्हणाला, 'हेच पायजे होतं मले. हे कसं केलं वं तू?'

मी सांडलेले तारेचे तुकडे वेचायला लागले.

३० सप्टें.

मंदाने उलगडा केला. त्या हाताच्या मशीनचा पट्टा कुणीतरी पीळ देऊन बसवला आहे, ते उलटं फिरतं. माझ्या मशीनवरची कॉइल सुलट, ती उलट. रिलेला काय, कशीही गुंडाळा, चालतं. म्हणून कुणी कधी बोललं नाही. नियमाप्रमाणे कॉइलवर बाणाची चिठ्ठी लावायची असते, मीच आळस केला. आठ वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी लावली नाही.

एक सुलट, एक उलट. म्हणून दोन्ही एकत्र वाजल्या की एकमेकींचं खातात. घूं-घूंही खातात, आवाजही.

दुरुस्त करायला पुन्हा गुंडाळायचीही गरज नाही. दुसरीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. दोन मिनिटांचं काम. अ. ला अजून सांगितलेलं नाही.

८ ऑक्टो.

दसरा. दीक्षाभूमीला जाऊन आलो, आई, मी, मामा. पाय सुजले. गर्दीत अ. ची आई भेटली. जयभीम केलं, आईशी तांदळाच्या भावावर बोलली, माझ्याशी काहीच नाही.

१० ऑक्टो.

उद्या मुंबईवाल्यांसमोर वाजवायचं. अ. दुपारी गिटार आमच्याकडे ठेवून गेला. एक जोड हलतोय, डाग दे म्हणाला. डाग दिला. इस्त्री गरम होती. म्हणजे सोल्डरची. आई मागच्या अंगणात.

कॉइलच्या त्या दोन वायरी समोर होत्या. अदलाबदल केली तर काय बिघडत होतं? चूक तर दुरुस्तच होणार होती. कुणीही कारागीर तेच म्हणेल. आवाज भरदार, इतर शंभर गिटारांसारखा. मग मुंबईवाले म्हणाले असते, ठीक आहे, बघू, कळवू. आणि अ. इथेच. काकाचं दुकान, पंक्चर, दिवाळीनंतर बोलणी.

पंधरा मिनिटं तशीच बसले. मग इस्त्रीची वायर काढली.

मी चांगली आहे म्हणून नाही. तो वाजवताना डोळे मिटतो ते आठवलं म्हणून.

११ ऑक्टो., रविवार

घेतलं त्याला.

हॉलमध्ये मी मागच्या रांगेत. आधी तिघांनी वाजवलं, चांगलं वाजवलं. मग अ. ने दोन्ही कॉइल चालू करून एक संथ धून धरली, आणि पार्टीचा मालक चहाचा कप हातात तसाच घेऊन पुढे आला. म्हणाला, 'ये आवाज कहाँ से लाया? कौनसी गिटार है?'

अ. म्हणाला, 'लोकल है साब. पिकअप मैंने खुद बनाया.'

खुद.

मी मागे बसले होते. त्याला दिसत होते.

१३ ऑक्टो.

विचारलं. म्हणाला, 'पोट्टीनं बनवलं म्हटलं असतं तर हसले असते ते. तुले समजत काहून नाही?' मला समजतं. समजतं म्हणून काय लागत नाही का? मी म्हणाले, 'मग मी पोट्टी, आणि तो हात कोनाचा होता गा?' त्याने सायकल भिंतीला टेकवली. मग हात धरला. म्हणाला सहा महिने, फक्त सहा महिने, पैसा हातात आला की येतो, मग आपणच बोलू, आईची वाट कशाला पाहायची.

मला राग धरता येत नाही ह्या माणसावर. हीच माझी खोट.

बोलणी आता दिवाळीनंतर नाही. उन्हाळ्यात.

२० ऑक्टो.

गेला. माझी फर्स्ट शिफ्ट. सुट्टी मागितली नाही, मागितली असती तर कारण काय लिहिणार? गाडी निघायच्या वेळी माझ्या मशीनवर तार तुटली, आणि मंदा म्हणाली, बघ. काय बघ! रोज दहादा तुटते.

१६ नोव्हें.

पत्र. चार पानं. सोलापूर, मग हुबळी. लोक स्टेजजवळ येऊन गिटार पाहतात म्हणे. तुझी आठवण येते असं दोनदा लिहिलंय. मी चार वेळा वाचलं, म्हणजे आठदा झालं.

२९ डिसें.

पत्र. दीड पान. थंडी, प्रवास, जेवण तिखट नसतं. नवीन कोट शिवला. माझ्या तिन्ही पत्रांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

११ फेब्रु. १९८२

कार्ड. 'खुशाल आहे. बिझी आहे. तू पण खुशाल असशील.' पोस्टकार्डावर उघडं, पोस्टमनने वाचलं, वाड्यातल्या दोघींनी वाचलं. माझ्यासाठी त्यात उरलं काय?

२१ मार्च

मामा स्थळ घेऊन आला. मुलगा खाप्याचा, सावनेरकडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात क्लार्क. बोलायला साधा, आई-बाप आहेत, मुलीने नोकरी केली तर चालेल म्हणतात. मामा म्हणाला, 'असं घर पुन्हा भेटन का वं?' आई पदराने चष्मा पुसत बसली. तिच्या ओरडण्याची मला सवय आहे. गप्प बसली की भीती वाटते.

मी म्हणाले, एप्रिल होऊ द्या. सहा महिने एप्रिलमध्ये होतात.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत रोषणाई, आमच्याकडे खीर. रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला मंदाने ओढून नेलं. कुणीतरी दुसराच गिटार वाजवत होता, घूं-घूं करत. लोक हसले नाहीत. मीही नाही. अर्ध्यातून उठून आले, डोकं दुखतंय म्हटलं.

२० एप्रिल

सहा महिने झाले. काही नाही.

लिहायचं होतं पुष्कळ. राहू दे.

२ मे

आईला हो म्हटलं. फक्त बघायला येऊ द्या म्हटलं, पुढचं पुढे. तिने ताबडतोब मामाकडे निरोप धाडला, जशी काही शेवटची बस सुटत होती. १६ तारखेला, रविवारी सकाळी दहाला येणार.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. जेवले, भांडी घासली, मोरीतच बसून रडले. नळ सोडला होता, आईला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

१२ मे

जोसेफ आला आज. अ. च्या पार्टीतला ड्रमवाला, मोहननगरचा, बहिणीच्या लग्नाला आठ दिवस सुट्टीवर. दारात उभा राहून घाम पुसत होता. माठातलं पाणी दिलं, दोन तांबे प्यायला. मग पिशवीतून पावडरचा डबा काढला. 'अशोकनं दिला. तुमालेच देजो म्हने, दुसऱ्या कोनाले नाही.'

आत कापसात गुंडाळलेली माझी कॉइल. दुसरी. उलटी. सोबत चिठ्ठी:

'निर्मला, ही बंद पडली. हिच्याशिवाय तो आवाज निघत नाही, मालक रोज बोलतो. इथे मुंबईत दोन ठिकाणी दाखवली, ते म्हणतात नवीन गुंडाळा, पण त्यांना तुझी ट्रिक माहीत नाही. जशी होती अगदी तशीच करून जोसेफसोबत पाठव. १६ ला संध्याकाळी निघतो तो. घाई आहे. अशोक.'

बस. कशी आहेस नाही. आई कशी आहे नाही. उन्हाळा आला, बोलणीचं काय, नाही.

जोसेफला विचारलं, कसा आहे तो? म्हणाला, 'अच्छा है. पहले से ज्यादा चुप रहता है.' मग म्हणाला, 'उसको दूसरी गिटार दे रहा था मालिक, फॉरेनवाली. नहीं लिया.' कशासाठी नाही घेतली, ते जोसेफला सांगता येईना.

१३ मे

डब्याकडे पाहिलंच नाही. शिफ्ट, भयंकर ऊन. ट्रिक म्हणे! बाणाची चिठ्ठी न लावलेली चूक ती. खरं सांगितलं असतं तेव्हाच, तर आज कुणालाही गुंडाळून घेता आली असती, माझी गरज पडली नसती. किंवा कधी गेलाच नसता. मीच गप्प बसले. आता कुणावर ओरडू?

मंदा म्हणाली, 'नको देऊ करून. सांग, तार नाही भेटत.' मी हो म्हटलं. तिच्यासमोर मला सगळं जमतं.

१५ मे, शनिवार

आज जेवणाच्या सुट्टीत उघडली. मीटरवर लावली, मेलेली. गुंडाळायची तर जुनी कापून काढावी लागते. ब्लेड घेतलं आणि सवयीप्रमाणे आधी वरची टेप सोडवून पाहिली.

कॉइल चांगली आहे. सात हजार फेऱ्यांपैकी एकही तुटलेली नाही. बारीक तार बाहेरच्या जाड वायरला जिथे जोडते तिथला डाग सुटला आहे, एवढंच. इस्त्री टेकवली, मीटरचा काटा उठला. पूर्ण अर्धं मिनिटही लागलं नाही. हे नागपुरात कुठलाही रेडिओवाला करून देईल. मुंबईत तर गल्लोगल्ली.

पण हे नाही लिहायचं मला.

टेप माझी नव्हती. मी कंपनीची पिवळी टेप लावली होती. ही काळी, पंक्चरवाल्यांकडे असते तशी, आणि तिरपी गुंडाळलेली. अ. टेप अशीच तिरपी लावतो, हँडलला लावायची सवय. म्हणजे उघडून पाहिली होती त्याने. डाग सुटलेला त्याला दिसला असणार. डाग देता येतो त्याला, टूरवर जायच्या आधी मीच शिकवला.

मग आठशे किलोमीटर कशाला पाठवली?

मंदाला दाखवलं. म्हणाली, 'येडी आहेस, त्याले समजलं नसन.' नसेल. घाईत दिसलं नसेल. किंवा दुकानदाराने टेप लावली असेल, दुकानदारही तिरपी लावत असतील. किंवा समजलं, आणि तरी पाठवली, कारण कशी आहेस हे चिठ्ठीत लिहायची त्याची हिंमत होत नाही. हे मी स्वतःला सांगते आहे. मला लाज वाटते आहे, आणि तरी दुपारपासून तेच घोळवते आहे. दोन तारखेला नळ सोडून जे संपवलं होतं, ते सगळं परत.

घरी आले तर आईने खुर्च्या मागून आणल्या आहेत शेजारून, चार. जांभळी साडी इस्त्री करून ठेवली आहे. मामाही आला आहे. खाप्याची माणसं वाईट नाहीत. त्या मुलाचंही काही चुकलेलं नाही.

कॉइल डब्यात ठेवली, कापूस लावला. सोबत चिठ्ठी तीनदा लिहिली. पहिलीत राग होता, दुसरीत रडणं. दोन्ही चुलीत. तिसरीत एकच ओळ आहे: 'टेप तू उघडली होती का गा?'

जोसेफ उद्या संध्याकाळी निघणार. चिठ्ठी पोचून उत्तर यायला आठ दिवस तरी. पाहुणे सकाळी दहाला.

आई विचारते, उद्याच्या पोह्यांना कांदा आत्ताच चिरून ठेवू का. मी म्हटलं, थांब, अजून नको चिरू.